ट्रेडमार्क धाकट्याच्या नावावर, धंदा फर्मचा

पत्र:

वकीलताई, नमस्कार.

आम्ही वसमतचे. अण्णांनी 1998 साली मोंढ्याजवळ एका गाळ्यात हळद दळून पुड्या भरायला सुरुवात केली. पुढे काळं तिखट आलं, येसर आलं. आज नांदेड, परभणी, हिंगोली, पार लातूरपर्यंत माल जातो. 2014 ला अण्णा, मी आणि धाकटा भाऊ अशी तिघांची भागीदारी फर्म केली. 2019 ला ट्रेडमार्कचा अर्ज भरला. भरून देणारा म्हणाला, एका माणसाच्या नावाने भरला तर फी निम्मी पडते. त्या दिवशी धाकट्याचं आधार, पॅन जवळ होतं, म्हणून त्याच्या नावाने भरला. कधीपासून वापरता, या रकान्यात ‘पुढे वापरणार’ असं टाकलं. 2021 च्या अखेरीस सर्टिफिकेट आलं, फ्रेम करून दुकानात लावलं. 2022 ला अण्णा गेले. आई आमच्याजवळ असते, बहीण परभणीला दिलेली आहे.

आता नांदेडच्या एका व्यापाऱ्याने आमच्यासारखंच नाव आणि तसंच पिवळं-लाल पाकीट काढलंय. आम्ही फर्मच्या नावाने नोटीस दिली. त्याच्या वकिलाचं उत्तर आलं की ट्रेडमार्क फर्मचा नाहीच, तुम्ही नोटीस देणारे कोण? ऑनलाइन विक्रीच्या कंपनीनेही हीच शंका काढली. भावाचं नि माझं काही वाकडं नाही. तो म्हणतो, दादा, सांगाल तिथे सही करतो. पण तिघांनी तीन सल्ले दिलेत. एक म्हणतो, दुरुस्तीचा फॉर्म भरून नाव बदलू. दुसरा म्हणतो, 2019 च्या तारखेचा बाँड करू, अण्णांची सहीही जमवू. तिसरा म्हणतो, हा रद्द करून फर्मच्या नावाने नवा भरू. काय करावं? आणि सर्टिफिकेट नव्या नावाने छापून मिळतं का?

– थोरला भाऊ, वसमत

उत्तर:

भाऊ, आधी तिन्ही सल्ल्यांचा निकाल लावते. पहिला टिकणार नाही. दुसरा केलात तर गुन्हा होईल. तिसरा आज केलात तर त्या नांदेडच्या व्यापाऱ्याकडे पेढे वाटले जातील. तुमच्या भावाने आजच्या तारखेला, घडलं तसं लिहून, ट्रेडमार्क फर्मच्या नावे लेखी हस्तांतरित करायचा आणि ते हस्तांतरण नोंदणी कचेरीत चढवायचं. रस्ता हा आहे. पण त्याआधी एक गाठ सोडवावी लागेल. तुमच्या पत्रात ती एका ओळीत येऊन गेली आहे: परभणीला दिलेली बहीण. तिच्याकडे येते.

दुरुस्तीच्या फॉर्मचं पहिलं. ट्रेडमार्क कायदा 1999 च्या कलम 58 खाली नोंदणीकृत मालकाला स्वतःचं नाव, पत्ता किंवा वर्णन यातली चूक दुरुस्त करून घेता येते. ‘शिंदे’चं ‘शिदे’ झालं, ‘ट्रेडर्स’चं ‘ट्रेडिंग’ झालं, तर हे कलम. उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झाल्यावर कितीतरी लोकांना पत्ते बदलावे लागले, तेही इथेच. लग्नानंतर बाईंचं नाव बदललं, कंपनीने नाव बदललं पण कंपनी तीच राहिली, तरी इथेच. या सगळ्यांत माणूस तोच आहे, फक्त लिहिलेलं वेगळं आहे. तुमच्याकडे लिहिलेलं अगदी बरोबर आहे. धाकट्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, पत्ता, सगळं अचूक. माणूसच दुसरा आहे.

सातबारावरचा गोंधळ ज्यांनी पाहिलाय त्यांना हे चटकन कळेल. जमीन महसूल संहितेचं कलम 155 लेखनातल्या चुका दुरुस्त करायला आहे, पण लोक ‘155 ची दुरुस्ती’ म्हणून थेट मालकच बदलून आणतात आणि मग दहा वर्षांनी ती नोंद तहसीलपासून खंडपीठापर्यंत गटांगळ्या खात राहते. खरेदीखत नाही, वाटणीपत्र नाही, वारसाचा फेरफार नाही, तर मालक बदलला कशाने, याला उत्तर नसतं. ट्रेडमार्कच्या नोंदवहीतही दुरुस्तीच्या नावाखाली मालक बदलून घेतलात, अगदी कचेरीने नजरचुकीने करूनही दिलं, तरी उद्या समोरचा वकील नेमका हाच प्रश्न विचारेल.

फी वाचवण्याचं म्हणाल तर अर्ज भरून देणाऱ्याने तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. 2017 च्या नियमांप्रमाणे ऑनलाइन अर्जाची फी व्यक्तीला 4500 रुपये आणि इतरांना 9000, हे खरं. पण 4500 ची सवलत लघुउद्योगालाही आहे. त्या वेळी फर्मचं उद्योग आधार (लघुउद्योगाची नोंदणी) काढून जोडलं असतं तर फर्मच्या नावाने, त्याच 4500 रुपयांत काम झालं असतं. असो. आज हस्तांतरण चढवायचे ऑनलाइन 9000 लागतील.

आता मुख्य गाठ. भावाने फर्मला द्यायचं म्हणजे फर्मचं होतं ते फर्मकडे परत यायचं, असं आपण गृहीत धरतोय. पण 2019 ला हा ब्रँड खरोखर होता कुणाचा? सर्टिफिकेटवर भावाचं नाव आहे म्हणून तो भावाचा झाला, असं मानू नका. नोंद हा सकृद्दर्शनी पुरावा असतो, तो खोडून काढता येतो. आणि ‘फर्मचा’ हे उत्तरही वाटतं तितकं सोपं नाही. 1998 ते 2014 ही सोळा वर्षं धंदा एकट्या अण्णांचा होता. त्या नावाची पत त्यांनी कमावली. 2014 ला फर्म केलीत तेव्हा ती पत फर्मकडे आली की अण्णांकडेच राहून फर्म फक्त वापरत राहिली?

याचं उत्तर 2014 च्या भागीदारीपत्रात आहे. ते कपाटातून काढा आणि शांतपणे वाचा. ‘पहिल्या भागीदाराचा चालू धंदा, येणी-देणी, नाव व ख्यातीसह फर्मकडे वर्ग झाला’ अशा अर्थाचं काही वाक्य आहे का बघा. असेल तर तुमचं काम निम्मं झालं. भारतीय भागीदारी कायदा 1932 च्या कलम 14 प्रमाणे फर्ममध्ये आणलेली मालमत्ता आणि धंद्याची ख्याती (नावाची कमावलेली पत, म्हणजे गुडविल) फर्मची असते. मग 2019 ला भाऊ फर्मचा एक भागीदार म्हणून पुढे झाला, नाव त्याचं लागलं, मालकी फर्मची, हे नीट मांडता येतं. सीएने बनवलेले 2014 चे ताळेबंदही काढा. अण्णांच्या एकट्याच्या खात्यातला माल, यंत्रं, उधारी फर्ममध्ये आणल्याची नोंद तिथे सापडेल. भागीदारीपत्र गप्प असलं तरी हे आकडे बोलतात.

वाक्य नसेल आणि ताळेबंदही काही सांगत नसतील, तर अण्णांच्या पश्चात कुणीही असं म्हणू शकतो की ब्रँड अण्णांचा वैयक्तिक होता आणि ते गेल्यावर वारसांकडे आला. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा 1956 प्रमाणे वारस म्हणजे आई, तुम्ही, भाऊ आणि बहीण, चौघेही सारखे. (आजी हयात असेल तर तीही.) घर आणि शेताच्या वेळी बहिणीची आठवण होते, कारण तलाठी विचारतो. ब्रँडच्या वेळी कुणी विचारत नाही, म्हणून ती राहून जाते.

म्हणून माझं म्हणणं असं की भागीदारीपत्रात काहीही असो, हस्तांतरणाच्या दस्तावर आई आणि बहीण यांच्या सह्या संमती देणाऱ्या म्हणून घ्याच. पत्र तुमच्या बाजूने असेल तर या सह्या जादा खबरदारी ठरतील, नसेल तर त्यांच्यावाचून दस्त लंगडा राहील. आणि एक सांगते, आगाऊपणा वाटला तरी चालेल: बहिणीला रक्षाबंधनाला बोलावून जेवणानंतर ‘इथे सही कर’ असं करू नका. आपल्याकडे हक्कसोड अशीच होते आणि पुढे भाचे मोठे झाल्यावर कोर्टात उभे राहतात. तिला कागद आठ दिवस आधी द्या. जावयांनी एखाद्या वकिलाला दाखवू दे. ब्रँडची किंमत आज काय आहे ते तिला खरं सांगा आणि तिला काही द्यायचं ठरलं तर तो आकडा दस्तात लिहा. समजून-उमजून केलेली सही वीस वर्षांनीही टिकते.

याच ओघात आणखी एक. अण्णा गेल्यावर फर्मचं काय झालं? भागीदारी कायद्याचं कलम 42 सांगतं की वेगळा करार नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. भागीदारीपत्रात ‘एखादा भागीदार मयत झाल्यास उरलेले फर्म पुढे चालवतील’ असं कलम बहुतेक ठिकाणी असतं. तुमच्यात आहे का पाहा, आणि 2022 नंतर दोघांचं नवीन भागीदारीपत्र केलंय का तेही. केलं नसेल तर आधी ते करा, फर्म नोंदलेली असेल तर फर्म्स रजिस्ट्रारकडे बदल कळवा. ज्या फर्मच्या नावे ट्रेडमार्क चढवायचा ती कागदावर धड उभी पाहिजे. कचेरीत फर्मच्या नावाबरोबर सगळ्या भागीदारांची नावं द्यावी लागतात. मयत अण्णांचं नाव घालून अर्ज गेला तर नवी चूक जन्माला येईल.

आता दस्तात काय लिहायचं. सुरुवातीला इतिहास: अण्णांनी 1998 ला धंदा सुरू केला, 2014 ला फर्म झाली, ब्रँड सतत धंद्यातच वापरला गेला, 2019 ला अर्ज धाकट्याच्या नावाने गेला पण तो फर्मच्या कामासाठी गेला, त्याने स्वतंत्र धंदा कधी केला नाही. मग मुख्य कलम: नोंदणी क्रमांक, वर्ग 30 (मसाले ज्यात येतात तो), आणि त्या मार्कातले सगळे हक्क तो ख्यातीसह फर्मकडे देतो. ‘ख्यातीसह’ हा शब्द गाळू नका. ख्यातीशिवाय हस्तांतरण केलं तर कलम 42 (ट्रेडमार्क कायद्याचं, मघाशी आलं ते भागीदारी कायद्याचं) लागू होतं आणि जाहिरातीबाबत रजिस्ट्रारचे निर्देश मुदतीत घेण्याचं वेगळं लचांड मागे लागतं. तुमच्या बाबतीत ख्याती धंद्यातच आहे, ती वेगळी काढण्याचं कारणही नाही. त्यानंतर आजपर्यंत ज्यांनी ज्यांनी नक्कल केली त्यांच्यावर दावा करण्याचा हक्कही फर्मकडे येतो, असं स्पष्ट कलम घाला. ते नसलं तर नांदेडचा व्यापारी म्हणेल, हस्तांतरणाच्या आधी मी जे केलं त्याचं फर्मला काय? लेबलची कलाकृतीही दस्तात घ्या. आणि लेबल ज्या कलाकाराने किंवा छापखान्याने काढून दिलं त्याच्याकडून कॉपीराइट फर्मला दिल्याचं वेगळं पत्र घ्या. पाकिटाची नक्कल झालीय तेव्हा हा कागद फार कामाला येतो आणि तो आज मागितला तर चहाच्या कपावर मिळतो.

एक गोष्ट मात्र दस्तात घुसवू नका. वसमत हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तुमच्या पाकिटावर ‘वसमत हळद’ हे शब्द असतीलच. ते शब्द ना भावाचे, ना फर्मचे. मानांकन खाजगी मालमत्तेसारखं हस्तांतरित करता येत नाही, तुम्हाला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते. हस्तांतरणाच्या यादीत उत्साहाने ते लिहिलंत तर पूर्ण दस्ताकडे संशयाने पाहिलं जाईल.

मुद्रांकाबद्दल. 500 चा बाँड आणला की काम झालं, हा आपल्याकडचा आवडता समज आहे. शुल्क किती ते दस्त कसा लिहिलाय आणि मोबदला किती यावर ठरतं. शंका असेल तर हिंगोलीच्या मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे मसुदा देऊन शुल्क ठरवून घेता येतं. कमी मुद्रांकाचा दस्त कोर्ट पुराव्यात घेत नाही, उरलेलं शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो बाजूला पडतो, आणि ही हरकत नेमकी साक्षीच्या दिवशी निघते. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदणं सक्तीचं नाही, ही जमीन नव्हे. नोटरी करून घ्या. मोबदला घ्यायचा की नाही, जीएसटी आणि आयकराचं काय, हे सही करण्याआधी सीएला विचारा, नंतर नको.

मागच्या तारखेच्या बाँडबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण हा सल्ला देणारे लोक वाईट नसतात, फक्त त्यांना वाटतं कुणाला कळणार आहे. कळतं. मुद्रांकावर विक्रीची तारीख आणि अनुक्रमांक असतो, विक्रेत्याच्या रजिस्टरला तो असतो, ऑनलाइन चलनाचा क्रमांक सरकारी संगणकात बसलेला असतो. नोटरीच्या रजिस्टरलाही तारीख असते. आणि अण्णांची सही ‘जमवायची’ म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावाने बनावट दस्त करायचा. हा फौजदारी गुन्हा आहे, आणि तो भावाच्या, तुमच्या आणि साक्षीदारांच्याही गळ्यात पडेल. तुमची बाजू मुळात खरी आहे. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची बिलं असणाऱ्या माणसाने खोटा कागद कशाला करायचा? एक खोटा कागद सापडला की कोर्ट खरी बिलंही बाजूला सारतं. दस्ताची तारीख आजचीच ठेवा, आत जे घडलं ते त्याच्या त्याच्या सालासह लिहा. जुन्या गोष्टीची आज लेखी कबुली द्यायला कायद्याची मनाई नाही.

दस्त झाला की मालक बदलल्याची नोंद करण्याचा फॉर्म टीएम-पी भरायचा, ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 45 खाली. मराठवाड्याचं काम मुंबईच्या नोंदणी कचेरीकडे येतं, पण अर्ज ऑनलाइन होतो, मुंबईला खेपा माराव्या लागत नाहीत. सोबत दस्ताची प्रत, फर्मचं भागीदारीपत्र, अण्णांचा मृत्यूचा दाखला, आणि वकील किंवा एजंटामार्फत जात असाल तर त्याच्या नावाचं मुखत्यारपत्र. कचेरीला शंका आली तर ती खुलासा मागते. दस्ताबद्दल पक्षांमध्येच वाद असेल तर रजिस्ट्रार कोर्टाचा निर्णय येईपर्यंत नोंद नाकारू शकतो. म्हणून म्हणते, भाऊ आज ‘सांगाल तिथे सही करतो’ म्हणतोय तर ती सही या महिन्यात घ्या. त्याच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. त्याला काही बरं-वाईट झालं तर सर्टिफिकेटवरचा हक्क त्याच्या बायको-मुलांकडे जाईल आणि लहान लेकरं असतील तर त्यांच्या वाट्याचं काही सोडायला कोर्टाची परवानगी लागू शकते. तो कुणाला जामीन राहिला असेल तर बँकही त्याच्या नावावरची मालमत्ता शोधेल. आणि अर्ज दाखल होईपर्यंत, ज्याला हे हस्तांतरण माहीत नाही अशा तिऱ्हाइताने त्या मार्कात हक्क घेतला तर त्याच्याविरुद्ध तुमचा दस्त चालत नाही. दस्त करून कपाटात ठेवणं म्हणूनच पुरेसं नाही.

घाईचं आणखी एक कारण आहे. नोंदवहीत मार्क चढल्यापासून सलग पाच वर्षं मालकाने तो वापरला नाही, तर कलम 47 खाली कुणीही बाधित माणूस तो काढून टाकायचा अर्ज करू शकतो. तुमच्याकडे 2021 च्या अखेरीस चढला, म्हणजे 2026 च्या अखेरीस पाच वर्षं भरतात. तुम्ही म्हणाल, रोज टेम्पो भरून माल जातोय, वापरला नाही कसं? माल फर्म विकते, मालक भाऊ आहे. दुसऱ्याने केलेला वापर मालकाच्या खात्यात जमा व्हायचा तर त्या दोघांत लेखी करार लागतो, आणि तुमच्यात तोंडी सुद्धा काही ठरलेलं नाही. भाऊ स्वतः भागीदार आहे, त्यामुळे त्याचाच वापर आहे अशी बाजू मांडता येईल, मी मांडेनही. पण जो वाद आज नऊ हजारांत आणि चार सह्यांत मिटतो तो कोर्टात मांडत बसायची हौस कशाला?

तिसऱ्या सल्ल्याकडे येऊ. जुना रद्द करून नवा भरावा, हे ऐकायला स्वच्छ वाटतं. पण रद्द केलात की 2019 ची तारीख गेली. नोंदणीचा हक्क अर्जाच्या तारखेपासून धरतात. नव्या अर्जाला तपासणी, जाहिरात, चार महिन्यांची हरकतीची मुदत, सगळं पुन्हा आलं, आणि मधल्या काळात नांदेडकराने स्वतःच्या नावाने अर्ज टाकला तर तुम्ही रांगेत त्याच्या मागे उभे राहू शकता. जुना सोडायचा नाही. तो फर्मकडे चढू द्या आणि मग त्याच्या जोडीला फर्मच्या नावाने नवा अर्ज टाका, सध्याच्या लेबलचा. दोन्हींचा मालक एकच झाला की जुना मार्क नव्याच्या आड येत नाही. उद्यमचं (उद्योग आधारच्या जागी आलेलं) प्रमाणपत्र जोडा, फी 4500.

नवा अर्ज कशासाठी, तर त्या ‘पुढे वापरणार’ या तीन अक्षरी… बरं, दोन शब्दी घोळासाठी. नोंदणीनंतर वापराची तारीख मागे नेणं सहजी होत नाही. 2019 च्या नोंदीत तुम्ही स्वतःच सांगून बसलात की तोवर वापर नव्हता, आणि समोरच्याने ‘मी 2017 पासून विकतोय’ म्हटलं तर हे वाक्य तुमच्या तोंडावर मारेल. नव्या अर्जात 1998 पासूनचा वापर, पूर्वाधिकारी अण्णा यांच्यामार्फत, असा दावा करायचा. त्याला प्रतिज्ञापत्र आणि पुरावे लागतात: पाकिटं छापल्याची जुनी बिलं, विक्रीकराची कागदपत्रं, अन्न परवाने, आडतीची बिलं, नांदेडच्या दैनिकातल्या जाहिराती, जत्रेतल्या स्टॉलच्या पावत्या. आणि इथे पुन्हा आई आणि बहिणीच्या सह्या उपयोगी पडतात. अण्णांची सोळा वर्षं फर्मच्या खात्यात यायची तर अण्णांपासून फर्मपर्यंतची साखळी अखंड दाखवावी लागते.

नांदेडच्या व्यापाऱ्याचं. त्याच्या वकिलाने उत्तर बरोबर दिलंय, राग मानू नका. नोंदणीच्या जोरावर दावा नोंदणीकृत मालकाने करायचा असतो. पण त्याचा अर्थ तुमचे हात बांधलेत असा नाही. नोंदणीशिवायही, जुन्या वापरातून कमावलेल्या नावावर, दुसऱ्याने स्वतःचा माल आमचा म्हणून खपवू नये असा दावा करता येतो, कायद्याच्या कलम 27 ने तो हक्क राखून ठेवलाय. तेव्हा टीएम-पी दाखल झाल्यावर भाऊ आणि फर्म दोघांच्या नावाने दुसरी नोटीस द्या, पहिल्या नोटिशीतली मालकीची मांडणी दुरुस्त करून, दस्त आणि अर्जाच्या पावतीचा उल्लेख करून. आत्ता त्याच्या उत्तराला गरम उत्तर पाठवू नका. रागाच्या भरात ‘मार्क पहिल्यापासून फर्मचाच आहे, भावाचा कधीच नव्हता’ असं लिहिलंत तर ते वाक्य उद्या तो तुमच्याविरुद्ध टीएम-ओ (नोंद रद्द करण्याचा अर्ज) भरताना जोडेल.

कारण टीएम-ओ भरायची वाट त्याला मोकळी आहे. कलम 57 खाली बाधित माणूस, पुरेशा कारणाशिवाय झालेली नोंद म्हणून ती रद्द करायला रजिस्ट्रारकडे किंवा उच्च न्यायालयाकडे जाऊ शकतो. (पूर्वी हे काम अपील मंडळाकडेही जायचं, ते मंडळ 2021 मध्ये बंद झालं.) तो म्हणेल, अर्ज करणारा मालकच नव्हता, मग नोंद कशी टिकते? हस्तांतरणाने ही मूळ उणीव शंभर टक्के भरून निघते असं मी छातीठोक सांगणार नाही, कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून लिहून घ्या. पण खरा इतिहास सांगणारा दस्त, चारही वारसांच्या सह्या, नोंदवहीत चढलेली फर्म, 1998 पासूनची बिलं आणि जोडीला नवा अर्ज, एवढं हातात असलं तर त्याच्या अर्जातला जीव बराच कमी होतो. नोंद समजा गेलीच तरी जुन्या वापराचा हक्क फर्मकडे एकवटलेला राहतो.

भावाने उद्या मन बदललं तर, हे तुम्ही विचारलं नाहीत म्हणून थोडक्यात: मग हाच कलम 57 चा रस्ता तुम्हाला धरावा लागेल, किंवा मालकी ठरवून घेण्याचा दावा. दोन्हींत वर्षं जातात आणि घर फुटतं.

पुढे कंपनी करायचा विचार असेल तर आत्ताच घाईने ट्रेडमार्क कंपनीच्या नावे करू नका. फर्म धड उभी करा, मार्क तिच्याकडे आणा, नांदेडकराचं निस्तरा. नंतर कंपनी कायदा 2013 च्या कलम 366 खाली फर्मचंच कंपनीत रूपांतर करता येतं आणि मालमत्ता कायद्यानेच कंपनीकडे जाते. नोंदवहीत मात्र तेव्हाही नवीन मालकाची नोंद करून घ्यावी लागेल.

आणि सर्टिफिकेटचं. मूळ प्रमाणपत्र नव्या नावाने छापून मिळत नाही. ते 2021 चं, भावाच्या नावाचं, तसंच राहतं. नवीन मालकाची नोंद नोंदवहीत चढते, ऑनलाइन दिसते, आणि कलम 148 खाली फी भरून त्या नोंदीची प्रमाणित प्रत मिळते. ऑनलाइन विक्रीच्या कंपनीला मूळ प्रमाणपत्र आणि ही प्रत, दोन्ही जोडून पाठवा. तोवर त्यांना हस्तांतरणाचा दस्त आणि टीएम-पीची पावती द्या, आणि भावाच्या सहीचं एक पत्र, की फर्म हा मार्क माझ्या लेखी संमतीने वापरते. ते पत्र मात्र आजच करून टाका, दस्ताची वाट पाहू नका.